शहाजी आचाऱ्याची साखरपट्टी

शहाजी माळ्याच्या हातची जिलेबी न खाल्लेला माणूस हिंगणोळीत शोधून सापडला असता, तर गावानं शाल-नारळ देऊन त्याचा सत्कारच केला असता. बारसं असो, साखरपुडा असो, तेराव्याचं गोड जेवण असो, कढईपुढं शहाजी ठरलेला. सहा फूट उंची, खांद्यावर पंचा आणि हातात झारा. आचाऱ्यानं स्वतः चाखल्याशिवाय भांडं वाढप्याच्या हाती द्यायचं नाही, हा त्याचा धंद्यातला नियम होता. लग्नसराईत त्याच्या पोटात दिवसाकाठी जेवढं गोड जायचं तेवढं एखाद्या घराला आठवडाभर पुरलं असतं. हे कमी पडतं म्हणून की काय, काम संपलं की तो संत्र्याच्या थंड पेयाची मोठी बाटली तोंडाला लावायचा, ती तळ दिसल्यावरच खाली ठेवायचा.

त्याची बायको शुभांगी गावची आशा सेविका. अंगानं काटकुळी, बोलायला खणखणीत. गरोदर बायकांच्या तपासण्या, लसीकरण, म्हाताऱ्यांचा रक्तदाब या निमित्तानं तिनं गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा झिजवला होता. मूलबाळ नव्हतं, पण त्यावरून दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. लोक म्हणायचे, नवरा गावाला साखर चारतो आणि बायको दारोदार फिरून ती मोजते, बरा चाललाय दोघांचा संसार! या थट्टेवर सगळ्यांत मोठ्यानं शहाजीच हसायचा.

साखरपट्टीचा वाद गावात आला आणि हे हसणं थांबलं.

सरकारनं आधी नुसत्या मालावर कर बसवून पाहिला होता. थंड पेयं, बिस्किटं, वेफर्स, मिठाई, सगळं महाग केलं. पैसेवाल्यांना ती झळ जाणवलीसुद्धा नाही. गरिबांनी मात्र ओरड केली की ज्याला दूध परवडत नाही त्याच्या पोराच्या हातातलं बिस्किटही तुम्ही काढून घेता. कंपन्या म्हणाल्या, हा खाण्यापिण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. डॉक्टर म्हणाले, मग मरा. टीव्हीवर दोन वर्षं हेच भांडण चाललं होतं, आणि तेवढ्यात दंडावरच्या चकतीनं सगळ्यांनाच गप्प केलं.

चकती रुपयाएवढी होती. तिच्या पोटातून केसाहून बारीक तंतू कातडीखाली जायचा आणि पेशींच्या मधल्या द्रवात किती साखर आहे ते दर पाच मिनिटांनी मोजायचा. अंगाच्या उबेवरच ती चालायची. हे मोजणं काही नवं नव्हतं, मधुमेहाचे रोगी असली यंत्रं कधीपासूनच वापरत होते. नवं होतं ते लाखो दंडांवरून गोळा झालेलं ज्ञान. एकच पेय दोघं प्यायले तरी एकाची साखर जराशी चढते आणि तासा-दोन तासांत उतरते, दुसऱ्याची चढते ती तिथंच ठाण मांडून बसते. नुकसान एकट्या बाटलीमुळं होत नाही, बाटली आणि शरीर मिळून ते करतात. मग कर बाटलीवर कशाला? तो शरीराप्रमाणं लावा. महिन्याच्या सरासरीवरून माणूस हिरवा, पिवळा की लाल ते ठरेल आणि दुकानातलं यंत्र चकती वाचून भाव सांगेल. हिरव्याला कर माफ, पिवळ्याला थोडा, लालला दामदुप्पट. लाल लोकांकडून गोळा झालेला पैसा त्यांच्याच औषधपाण्याला वापरायचा, अगदी डायलिसिसची वेळ आली तर त्यालाही. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही साखरपट्टी.

प्रयोगासाठी निवडलेल्या पन्नास गावांत हिंगणोळीचं नाव होतं, पण ग्रामसभेची मंजुरी हवी होती. देवळापुढच्या पारावर सभा भरली. पहिला विरोध केला तो शुभांगीच्या शेजारणीनं, नंदाकाकूनं. नंदाकाकू बचत गटाची अध्यक्ष, तोंडानं फटकळ, मनानं मोकळी.

"गोड खायाचं आम्ही आन् मोजायचं सरकारनं?" ती म्हणाली. "उद्या म्हणतील, श्वास किती घेतला दाखवा!"

लोक हसले. शुभांगी उठली. भाषण करून ही माणसं ऐकायची नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं थंड पेयाची एक बाटली आणली, दोन पेल्यांत सारखी ओतली. एक पेला स्वतः उचलला आणि गर्दीत नजर फिरवली.

"अहो, जरा हिकडं या की."

शहाजी हसत पुढं आला. फुकटचं पेय, कोण नाही म्हणेल? दोघांच्या दंडावर चकत्या लावल्या. तासाभरानं पडद्यावर आकडे आले. शुभांगी एकशे बारा. शहाजी दोनशे चौऱ्याहत्तर.

"दिव्याखाली अंधार!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा पार खदखदून हसला. तिथंच हात वर झाले, ठराव मंजूर झाला.

शहाजी घरी आला. पंचा खुंटीला अडकवून म्हणाला, "गावात दुसरा माणूस नव्हता व्हय तुला?"

"मला काय ठाव, तुमची एवढी असंल ते?" शुभांगी म्हणाली. आणि ते खरं होतं. गावाची साखर मोजणाऱ्या बाईनं घरातली कधी मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला गोळ्या सुरू केल्या. लाल माणसाला त्या फुकट मिळायच्या. थंड पेय बंद झालं, चहा बिनसाखरेचा झाला. पण धंद्याचं काय करायचं? लग्नासाठी साखरेची पोती घ्यायला शहाजी दुकानात गेला की यंत्रावर लाल दिवा लागायचा आणि भाव दुप्पट व्हायचा. साखर दुसऱ्यांच्या पोटात जाणार होती, पण यंत्राला फक्त त्याचा दंड दिसत होता. पलीकडच्या गावचा एक हिरवा आचारी निम्म्या दरात कामं घेऊ लागला. शहाजीनं चाखून थुंकायला सुरुवात केली, तर एका नवऱ्या मुलाच्या मामानं ते पाहिलं आणि भर मांडवात गोंधळ घातला. "अन्नापाशी थुंकतोस? लाज न्हाई वाटत?" त्या दिवशी शहाजी झारा तिथंच टाकून घरी आला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

भाद्रपदात हरतालिका आली. शुभांगी लग्नापासून हा उपास निर्जळी करायची. दुपारी ती चौरंगावर वाळूची पिंड मांडत होती आणि शहाजी भिंतीला टेकून बसला होता. आदल्या दिवशी एक साखरपुडा हातचा गेला होता.

"उपास माझ्यासाठीच करतीस न्हवं?" त्यानं विचारलं.

"मग कुणासाठी? शेजाऱ्यासाठी?"

"मग त्याचं फळ मला का मिळत न्हाई?"

तो थट्टेनंच बोलला होता. शुभांगीनं मात्र हातातली पत्री खाली ठेवली आणि त्याच्या दंडाकडं पाहिलं. चकतीला ऊब लागत होती आणि नाडी लागत होती. ती कुणाची, हे चकतीला कळत नव्हतं. ओढून काढली तर तंतू तुटायचा आणि तालुक्याला निरोप जायचा. पण सहा महिने गावभर चकत्या चिकटवून शुभांगीच्या बोटांना एक गोष्ट कळली होती. कोमट खोबरेल तेल कडेनं मुरवलं तर डिंक सैल होतो आणि चकती तंतूसकट अलगद सुटते.

तिनं तेल कोमट केलं. डाव्या दंडावर तिची स्वतःची चकती होती. त्याची तिनं उजव्या दंडावर लावली आणि वर ब्लाउजची बाही ओढून घेतली. मग हात जोडले आणि पूजा पुरी केली. आपण काही चोरी करतोय असं तिला वाटलंच नाही. जन्मभर बायका ज्यासाठी उपाशी राहत आल्या, ते पहिल्यांदा कुठंतरी जमा होत होतं.

त्या एका दिवसानं शहाजीची सरासरी तीन अंकांनी उतरली. मग सोमवार आले, संकष्टी आली, गुरुवार धरले. त्या त्या दिवशी त्याची चकती तिच्या दंडावर असायची. दसऱ्यापर्यंत तो पिवळा झाला, दिवाळीला हिरवा. दुकानातला हिरवा दिवा पाहून शहाजी लहान मुलासारखा हरखला. कामं परत आली. घरी येताना त्यानं तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला, तो तिनं माळला आणि उपाशी पोटी त्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या.

नंदाकाकूच्या डोळ्यांतून सुटेल असं काही गल्लीत घडतच नसे. एका सोमवारी तिनं शुभांगीचा हात धरून बाही वर सरकवली. शुभांगीनं हात सोडवायला पाहिलं.

काकूनं दोन्ही दंडांवरच्या चकत्या पाहिल्या आणि म्हणाली, "एवढंच व्हय? आगं, हे तर आपल्या आज्या-पणज्या करतच आल्या की. मला बी शिकीव."

झालं. महिन्याभरात बचत गटाच्या सगळ्या बायका शिकल्या आणि पुढच्या श्रावणापर्यंत अर्धं गाव शिकलं. कुणी नवऱ्याची चकती लावली, कुणी मुलाची. एकीनं उपासाला भरपेट साबुदाण्याची खिचडी आणि वर राजगिऱ्याचे लाडू खाल्ले, तर तिचा चांगला पिवळा नवरा लाल झाला. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय! गल्ली हसून लोटपोट झाली. पुरुषांनाही सगळं ठाऊक होतं. पण हिरवा दिवा दिसला की माणूस त्यालाच खरा धरतो. रोज दुकानातलं यंत्र ज्याला निरोगी म्हणतं त्यानं आजारी कसं राहावं?

शहाजीनं गोळ्या सोडल्या. तशाही त्या आता फुकट मिळत नव्हत्या, हिरव्याला गोळी कशाला? तो पुन्हा चाखू लागला, आणि काम संपल्यावर थंड पेयाची बाटलीही परत आली.

"कमी करा की जरा," शुभांगी म्हणायची.

"हिरवा हाय म्या," तो म्हणायचा, आणि त्यात थट्टेचा लवलेश नसायचा.

तिला कळत होतं, पण वळत नव्हतं. हिरव्या गावाला बोटातलं रक्त तपासायच्या पट्ट्या मिळायच्या बंद झाल्या होत्या. मागणी केली तर कारण द्यावं लागलं असतं. तिनं मागणी केली नाही, त्याऐवजी आठवड्यातला आणखी एक उपास वाढवला.

चार वर्षं अशी गेली. हिंगणोळी राज्यातलं सगळ्यांत निरोगी गाव ठरलं. अधिकारी आले, फेटे बांधले गेले, शुभांगीच्या हातात मानचिन्ह दिलं. त्याच महिन्यात गावच्या आरोग्य केंद्रातला मधुमेहाचा विभाग उठवून दुसरीकडं नेला, कारण इथं रोगीच नव्हते. साखरपट्टी देशभर लागू करायचं ठरलं तेव्हा पुरावा म्हणून हिंगणोळीचा आलेख दाखवला गेला. तो पडद्यावर दिसताच शुभांगीनं टीव्ही बंद केला.

त्या उन्हाळ्यात शहाजीचे पाय सुजले. चप्पल घालवेना. मग सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस आणि दोन पायऱ्या चढल्या की धाप. एका लग्नात त्याला कढईपुढून उठताच येईना. सांगलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंनी शुभांगीला बाजूला घेतलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. इतकी वर्षं चढलेली साखर त्यांना आतून पोखरत होती. आठवड्यातून दोनदा तरी डायलिसिस लागणार होतं, तेही ताबडतोब.

"सरकारी योजनेतून होईल," त्या म्हणाल्या. "यांची लाल नोंद दाखवा."

लाल नोंद कुठून आणायची? ज्यानं लाल दरानं साखरपट्टी भरली त्याचाच योजनेवर हक्क होता, आणि शहाजीनं चार वर्षं काही भरलंच नव्हतं. रक्ताचा अहवाल योजनेत चालत नसे. पूर्वी खोटे अहवाल विकले गेले होते म्हणून फक्त चकतीच ग्राह्य धरायची, असा नियम झाला होता. ग्रामसभेत हा नियम शुभांगीनंच कौतुकानं वाचून दाखवला होता. घरातली मोठी पातेली, कढया विकून खाजगीत काही आठवडे निघाले. पुढं विकायला काही राहिलं नाही आणि डायलिसिस थांबलं.

शुभांगी तालुक्याला गेली आणि आरोग्य अधिकारी केळुसकरांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. तेल, दंड, उपास, काही लपवलं नाही. केळुसकर वयानं तरुण होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, योजना मिळावी म्हणून रोज चार माणसं येऊन सांगतात की त्यांची हिरवी नोंद खोटी आहे. तुम्ही एकट्या बोललात तर तुम्ही त्यांतल्याच एक. गावातल्या तीस बायकांनी सही करून दिलं तर मी वर पाठवू शकतो."

शुभांगीनं बचत गटाची बैठक बोलावली. तीस-पस्तीस बायका चटईवर बसल्या होत्या. तिनं कागद पुढं केला आणि गयावया केली. अशी गयावया तिनं आयुष्यात कुणापुढं केली नव्हती. बायकांनी माना खाली घातल्या. नोकरीला आणि लग्नालाही आता चकतीचा रंग विचारला जायचा. कुणाच्या नवऱ्याची ड्रायव्हरची नोकरी हिरव्यावर होती, कुणाच्या मुलाचं लग्न हिरव्यावर ठरलं होतं.

"काकू, तुम्ही तरी," ती म्हणाली.

नंदाकाकूच्या डोळ्यांत पाणी होतं. "शुभे, शहाजीसाठी मी आख्खं वरीस उपाशी ऱ्हाते. पर सही नगं मागू. माझं पोरगं घरी बसंल."

कागद कोराच राहिला. शुभांगीला त्यांचा राग आला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांच्या जागी ती असती तर तिनंही सही केली नसती, हे तिला ठाऊक होतं.

केळुसकरांनी तरीही होईल तेवढं केलं. शुभांगीचा जबाब घेतला. त्यापायी तिची नोकरी गेली, मात्र शहाजीला नव्या बनावटीची चकती मिळाली. ही नाडीच्या ठेक्यावरून माणूस ओळखायची. एकाची दुसऱ्याला लागली तर बंद पडायची. तेल चोळून काही उपयोग नव्हता.

"ही लावा," केळुसकर म्हणाले. "रोज संध्याकाळी सहाला दिवसाची सरासरी येईल. ती सलग नव्वद दिवस एकशे ऐंशीच्या वर आली की नाव आपोआप यादीत जाईल. मधे एक दिवस जरी खाली आली तरी मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या हातात एवढंच आहे."

शुभांगी एसटीत बसली तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. इतका आजारी माणूस, तो लाल येणार नाही तर कोण येईल? आता नुसतं खरं मोजायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी आकडा आला एकशे चौतीस. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणतीस.

तिनं चकती हलवून पाहिली, शहाजीचा दंड पुसला, पुन्हा पाहिलं. मग सांगलीला फोन लावला.

"यंत्र बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इन्शुलिन शरीरातून बाहेर काढायचं बरंचसं काम मूत्रपिंडं करतात. ती बंद पडली की इन्शुलिन रक्तात जास्त वेळ राहतं आणि साखर खाली आणत राहतं. त्यात यांची भूक मेलीय. शेवटच्या टप्प्यात असं होतं. साखर उतरली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका हं."

शुभांगीनं फोन ठेवला. चार वर्षं खोटं हिरवं दाखवलं तेव्हा यंत्रानं विश्वास ठेवला. आता यंत्र खरं बोलत होतं आणि तेही हिरवंच.

एकच वाट उरली होती. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हाकलून दिलं असतं, म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं शहाजीला मात्र विचारलं. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. खांद्यांची हाडं वर आली होती.

"गोड खावं लागंल," ती म्हणाली. "दिवसभर. थोडं थोडं. नव्वद दिस."

शहाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसला. "आयला! जन्मभर नगं नगं म्हणालीस."

ती सकाळी सहापासून सुरू करायची. पाण्याचं त्याला बंधन होतं, म्हणून पेयं चालत नव्हती. साखरेचा पाक चमच्यानं, दर अर्ध्या तासाला एक चमचा. पहिले दोन दिवस तो हौसेनं खायला गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं चमचा जिभेवर घोळवला आणि त्याचा चेहरा पडला.

"शुभे, चव लागंना. तोंडात नुसतं लोखंड चघळल्यागत हुतंय."

आजारानं त्याची जीभही घेतली होती. ज्या जिभेवर तालुक्यातली लग्नं पार पडली, तिला आता साखर कळत नव्हती. तो ओक्साबोक्शी रडला. शुभांगीनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि अर्धा तास झाला तसा पुढचा चमचा भरला.

आकडा चढू लागला. एकशे सत्तर, एकशे शहात्तर आणि एका संध्याकाळी एकशे एक्क्याऐंशी. चकतीवर लाल ठिपका पेटला. शुभांगीनं आनंदानं टाळी वाजवली, शेजारच्या भिंतीवर थाप मारून नंदाकाकूला ओरडून सांगितलं. मग मागं वळून पाहिलं, तर शहाजी भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याच्या पायाची सूज मांडीपर्यंत चढली होती. आपण कशाला टाळी वाजवली हे तिला कळलं आणि स्वतःची शिसारी आली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चमचा घेऊन हजर होती.

नंदाकाकू रोज यायची, पाय दाबायची, साखर आणून द्यायची. तिची लेक हिरवी होती, तिला साखर बिनकराची मिळायची. सहीचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. भिंतीवर काकूनंच कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली होती. दहा झाल्या, पंधरा झाल्या, एकवीस झाल्या. एकविसाव्या दिवशी केळुसकरांचा फोन आला. त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, "ताई, चांगलं चाललंय. थांबू नका." 

तेविसाव्या दिवशी सकाळपासून शहाजीच्या पोटात काही ठरेना. चमचा गेला की उलटी. अकरा वाजता उलटी, बाराला उलटी. शुभांगीनं साखर नुसती त्याच्या जिभेखाली ठेवून पाहिली, पिठीसाखर मधात कालवून ओठांना लावली. दुपारी त्याला ग्लानी आली. तिनं हलवून जागं केलं, गालावर हलक्या चापट्या मारल्या, तोंड उघडायला लावलं. नवऱ्याला अशा चापट्या मारताना तिला रडू आवरत नव्हतं, पण हात थांबत नव्हता. चार वाजता त्यानं दोन चमचे ठेवून घेतले. पाचला तीन.

सहाला आकडा आला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

लाल ठिपका विझला. नंदाकाकू दारातच उभी होती. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. शुभांगीनं ओला फडका घेतला आणि भिंतीवरच्या रेघा पुसायला लागली. कोळसा नीट निघत नव्हता, भिंतीवर काळा फराटा उमटला.

"पुन्हा एकपासनं?" शहाजीनं विचारलं. तो जागा होता, नजर चक्क स्वच्छ होती.

"पुन्हा एकपासनं."

गेल्या सोमवारी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर डायलिसिसशिवाय किती दिवस निघतील ते सांगितलं होतं. शुभांगीनं ते शहाजीला सांगितलं नव्हतं. पण ती फोनवर तो आकडा पुन्हा विचारून घेत असताना दार उघडंच होतं, आणि शहाजीचे कान काही बिघडले नव्हते. नव्वद दिवस म्हणजे किती आणि आपल्याकडं उरले किती, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. 

मग शहाजीनं हात लांब करून तिचं मनगट धरलं. हात गार होता. "तू जेवलीस का?" त्यानं विचारलं. तिनं मानेनं हो म्हटलं, खोटंच.

"मग ठेव पाक," तो म्हणाला. "उद्या सकाळच्याला लागंल."

शुभांगी स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात साखर घातली, पाणी घातलं, गॅस पेटवला आणि ओट्याची कडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पाक उकळायला लागला तसा आतून शहाजीचा आवाज आला, मांडवात मदतनिसाला सांगायचा तसाच, फक्त फार बारीक.

"एकतारीच ठेव गं. घट्ट झाला तर मला गिळवायचा न्हाई."